भुजंगरावाचं ‘हं’

१२ मार्च, गुरुवार

तर सगळ्यात आधी आला रंगनाथ! डेअरीवरचं दूध घेणं संपवून, हातपाय धुऊन, केसाला तेल चोपडून — जणू पोरगी बघायला निघालाय. मारुतीच्या देवळापुढच्या शेडात अजून सतरंजीसुद्धा टाकली नव्हती कुणी. मी आपली खांबाला टेकून बसले होते. म्हटलं, “रंगा, नाटकात तू पापी हायेस, नवरदेव न्हाई.” तर लाजला! पापी माणूस लाजतो का कधी?

मग आली लंकाबाई, त्याची आई, माझी शेजारीण. पोराची तालीम बघायला. हातात निवडायचे तांदूळ. मग बाकीची मंडळी. आणि शेवटी आमची सृष्टी — नाटक बसवणारी तीच, आणि सगळ्यात उशिरा तीच! नगरच्या कॉलेजात दोन वर्षं नाटकाचं शिकून आली. मला म्हणते, “आजी, तू रोज लिही. काहीही लिही. मी वाचणार नाही.” ही वही तिनंच दिली. माझी शाळा दुसरीत सुटली, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायाचं. पण कुणी वाचणारच नाही तर कोंबडी का असेना!

नाटक जुनंच आहे. आमच्या गावाची हाती लिहिलेली वही आहे, देवळाच्या ट्रंकेत. कुणी लिहिलं, कुणाला ठाऊक नाही. राजा भोळा, राणी चांगली, आणि राजाचा खास माणूस भुजंगराव. हा राजाच्या कानाला लागतो, राणीचं नाव गावभर खराब करतो. राजा राणीला मारतो. मग कळतं की तिचं काहीच नव्हतं — तोवर पडदा पडायला आलेला असतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या यात्रेत आमच्या ह्यांनी राणी केली होती. तेव्हा बाप्येच राणी व्हायचे. लग्नाला सहा महिने झालेले. माझीच पैठणी नेसून हे मेले आणि मी खाली बसून हंबरडा फोडला! भुजंगराव झाले होते अजिनाथ भाऊजी. दुसऱ्या दिवशी ते ताक मागायला दारात आले — मी दिलंच नाही. पुढं जन्मभर गाव त्यांना भुजंगच म्हणायचं. देवमाणूस होता. पोरीच्या लग्नात अक्षतांच्या वेळीसुद्धा कुणीतरी मागून “भुजंगराव, सरका” म्हणालं, आणि माणसं हसली. मीपण हसले असेन. आठवत नाही.

आता झोप.

१३ मार्च

चष्म्याची काडी मोडली. सृष्टीनं दोरा बांधून दिला. म्हणते, आता तू भुजंगरावापेक्षा भयंकर दिसतेस.

१५ मार्च, रविवार

आज लई मजा!

रंगनाथला पाप जमत नाही. राजा विचारतो, “आमच्या राणीसाहेब कशा आहेत, भुजंगराव?” आणि हा सांगतो असा, जणू दुधाचं फॅट वाचून दाखवतोय. सृष्टी वैतागली. “रंगूदादा! तू विष घालतोयस, पावती नाही देत!”

त्याचा स्वभावच तसा. कुणी दुधात पाणी घातलं तरी त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणतो, “काकू, आज मशीन जरा वेगळंच म्हणतंय.” काकूला कळतं. दुसऱ्या दिवशी दूध घट्ट येतं. एवढं करून कुणाचं नाव कधी चारचौघात काढलं नाही त्यानं. आणि हा काय राणीचं नाव काढणार!

सृष्टी म्हणाली, “हे बघ, इथं शब्द नाहीतच. राजा विचारतो, भुजंगराव नुसता ‘हं’ म्हणतो आणि थांबतो. मग दुसऱ्याच विषयावर जातो. बाकीचं सगळं राजा स्वतःच करतो.”

मला राहवलं नाही. उठले. म्हटलं, “सरक रे. मला इचार कुणाबद्दल तरी.”

सृष्टी खट्याळ! म्हणाली, “बनुबाई, लंकाकाकूंच्या हातचं पिठलं कसं असतं हो?”

मी लगेच बोलले नाही. हात थांबवला. समोरच्या कडुलिंबाकडं बघितलं. एक श्वास घेतला. म्हटलं, “हं…” मग जरा थांबून, “चहा घेता का?”

अख्खं शेड लंकाबाईकडं वळलं! तिच्या हातात सूप तसंच. “काय झालं माज्या पिठल्याला? आँ? काय झालं?” जो तो हसतोय आणि ती एकेकाला विचारतेय. मला तर उचकीच लागली. लंकाबाईचं पिठलं चांगलंच असतं खरं. पण आता एकालाही तसं वाटणार नाही!

जाताना माझ्याशी बोलली नाही. बोलेल उद्या. तीस वर्षं हेच चाललंय आमचं.

१६ मार्च

बोलली. पिठलंच पाठवलं वाटीभर! “खाऊन सांगा म्हणावं, चहा नको.”

१७ मार्च, मंगळवार

लिहू का नको, असं झालंय. पण इथं कोण वाचतंय.

दुपारी मच्छिंद्र, माझा मुलगा, कांद्याच्या वावरात. सृष्टी राहुरीला झालर आणायला गेलेली. मी ओट्यावर एकटी. एक मोटरसायकल थांबली. नवरा-बायको, पन्नाशीच्या आसपास. “मावशी, कालवड इकायची हाय का?”

आमच्याकडं कालवड नाही. एक म्हैस आहे, ती माझ्याएवढीच म्हातारी. पण मी म्हटलं, बसा की. कारण कालवड बघायला आलेला माणूस आधी गोठ्याकडं बघतो. ह्या दोघांची नजर भिंतीपल्याड — लंकाबाईच्या दारावर! आणि बाईच्या पायात कोऱ्या चपला. मी मनात म्हटलं, ही कालवड दोन पायांची दिसते. चौकशीला आलेत!

रीतच आहे. मुलीकडचे आधी असे गुपचूप येतात, शेजारी टेकतात, चहा घेतात, आणि हळूच मुलाचं विचारतात. मुलाच्या घरी विचारून खरं कोण सांगणार?

बाई म्हणालीच, “शेजारी डेअरीवाले ऱ्हातात न्हवं? मुलगा कसा हाय ओ?”

आता रंगनाथला एकतीस लागलं. चार वर्षं झाली बघतायत. नऊ ठिकाणांहून नकार. मुलगा गावातच राहणार म्हटलं की पोरी नको म्हणतात. लंकाबाईनं उपास केले, नवस केले, शेवटी मोबाईलवर त्याचा कोट घातलेला फोटो टाकला — कोट माझ्या मच्छिंद्रचा. असा हा मुलगा. त्याच्याबद्दल चांगलं सांगायला माझ्याकडं पोटभर होतं. तोंड उघडलंच होतं मी.

आणि मग मला काय झालं कोण जाणे! वाटलं, एकदाच. नुसती तोंडं बघू कशी होतात. मग हसायचं, आणि मग सगळं भरभरून सांगायचं.

हात थांबवला. दारातल्या कडुलिंबाकडं बघितलं. “हं…”

“चहा घेता का?”

बाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं चपलेकडं. जमलं की! माझ्या पोटात हसू मावेना. तसंच तोंडाला पदर लावून आत गेले, चहा टाकला. साखरेचा डबा मेला सापडेना. सृष्टी वरच्या फळीवर ठेवते. स्टुलावर चढले, उतरले, चहा उतू गेला, परत टाकला. दोन्ही हातांत कप घेऊन बाहेर आले तर ओटा रिकामा. मोटरसायकल वळणापाशी. हाक मारली — “अवो! आवो पाव्हणं!”

कुठलं काय.

दोन्ही कप मीच प्याले.

१८ मार्च

त्यांना कळलं असेल थट्टा होती म्हणून. कळतंच माणसाला.

१९ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. लंकाबाई श्रीखंडाची वाटी घेऊन आली. डोळे सुजलेले. बसली. म्हणाली, “आक्का, कोपरगावकडचं ठिकाण हुतं. पूजा नावाची मुलगी. नर्स हाय. तिला गाव चालत हुतं! फोटो आवडल्ता. सगळं जुळल्तं. काल मध्यस्थाचा फोन आला — पुढं बघू म्हणाले.”

मी म्हटलं, “का?”

“कारण सांगत न्हाईत. नुसतं पुढं बघू. कुनीतरी कायतरी बोललं, आक्का. माज्या पोराबद्दल काय बोलावं एखाद्यानं? चहात साखर जास्त घेतो, येवढंच.”

श्रीखंड घशात अडकलं. खरंच अडकलं, तिनंच पाठीत थापट्या मारल्या.

मग म्हणाली, “मंगळवारी तुमच्याकडं कोन आल्तं?”

“कालवड बघायला आल्ते कुनी.”

“तुमच्याकडं कालवड कुटंय?”

“तेच तर म्हनलं मी त्यांना!”

माझ्याकडं बघत राहिली. मग उठली. वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून मी तिच्यात साखरेच्या गाठी घातल्या. खोटं बोलले मी. पाडव्याच्या दिवशी!

२० मार्च, शुक्रवार

मध्यस्थाकडून नंबर घेतला. सृष्टीच्या मोबाईलवरून लावला. ती बाईच बोलली, पूजाची आई. मी म्हटलं, “मी ओट्यावरची मावशी. अवो, मुलगा लई चांगला हाय! दारू न्हाई, तंबाखू न्हाई. कुठलाच नाद न्हाई. रातचं कुठं जात न्हाई. कुना बाईकडं मान वर करून बघत न्हाई—”

ती म्हणाली, “आमी ह्यातलं काय इचारलं का, मावशी?”

फोन ठेवला. जितकं चांगलं बोलावं तितकं वाईट होत चाललं होतं. भुजंगरावाला बरं, त्याला नुसतं ‘हं’ म्हणायचं असतं. परत पुसायचं कसं, ते त्या ट्रंकेतल्या वहीत नाही.

तालमीला गेले नाही. गुडघा दुखतो म्हटलं. गुडघा बरा आहे.

२१ मार्च

सृष्टीला सांगितलं. आधी खो खो हसली. कालवड म्हटल्यावर तर लोळलीच. मग तिचं हसणं हळूहळू थांबलं, आणि ते थांबताना मला बघवेना.

“आजी, रंगूदादाला तू सांग. दुसऱ्याकडून कळायच्या आत.”

नात कसली, सासूच आहे माझी.

२२ मार्च, रविवार

सकाळचं दूध आटपल्यावर डेअरीवर गेले. रंगनाथ कॅन धूत होता. म्हटलं, “रंगा, तुझं लग्न मी मोडलं.” आणि सगळं सांगितलं. साखरेच्या डब्यासकट.

त्यानं कॅन पालथा घातला. मशीन पुसलं. परत पुसलं, पुसलेलंच.

मग म्हणाला, “आजी, नऊ जनांनी न्हाई म्हनलं. कुनी गाव बघून, कुनी डेअरी बघून. मला बघून कुनी न्हाई म्हनलं नव्हतं. येवढं एक बरं वाटायचं मला.”

मी खुर्चीवर बसले. ऊन लई होतं म्हणून.

“माझा अजिनाथ भुजंग केलात तुमी,” म्हणाला. आणि हसला! रडण्यापेक्षा वाईट तसलं हसणं. म्हणाला, “आईला सांगू नका. तुमचं दोघींचं जानं-येनं बंद हुईल. मला ते चालायचं न्हाई. सकाळी भिंतीवरून तुमची भांडनं ऐकल्याशिवाय मला जाग येत न्हाई.”

संध्याकाळी तालमीत राजानं विचारलं, “राणीसाहेब कशा आहेत, भुजंगराव?” रंगनाथ थांबला. “हं…” सगळं शेड गार. सृष्टीनं टाळी वाजवली नाही. सतरंजीकडं बघत राहिली.

तांदूळ निवडता निवडता लंकाबाई मात्र माझ्याकडं बघत होती. का मला वाटलं तसं.

२४ मार्च, मंगळवार

पाय दुखतात, पण लिहिल्याशिवाय निजायची नाही.

मच्छिंद्र कांदे घेऊन कोपरगावच्या मार्केटला निघाला. मी टेम्पोत चढून बसले. तो म्हणाला, “आई, कुठं?” म्हटलं, “तुज्या बापानं राणी केल्ती, मी वकिली करायला निघालेय. चालव.” सांगितलं त्याला वाटेत. राहुरी मागं पडल्यावर तो म्हणाला, “कोट तरी माझा परत आण.” बापाचाच मुलगा!

त्यांची वस्ती उसाच्या कडेला. दारात पूजा. लुगडी वाळत घालत होती. फोटोपेक्षा सावळी, फोटोपेक्षा छान. दवाखान्यातली दुपारची पाळी होती म्हणून घरी होती, माझं नशीब. बापानं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. पण घरी आलेल्या म्हातारीला पाणी दिलं नाही तर तोंड कुठं दाखवणार! बसवलं. पूजाच्या आईनं चहा ठेवला.

मी सांगितलं. नाटक आहे, तालीम आहे, भुजंगराव असा असा, मी थट्टा केली, साखर सापडेना. दोघं ऐकत होते आणि मान हलवत होते. ती मान मला कळते. ‘व्हय मावशी, व्हय’ अशी मान. शेवटी बाप म्हणालाच, “मावशी, तुमाला त्यांनीच पाठवलं आसंल. शेजारी म्हनल्यावर तुमी तरी काय करनार.”

संपलं, म्हटलं. आता राजाच्या डोक्यात शिरलंय ते निघत नाही.

तेवढ्यात पूजा आतून आली. चहाचे कप ठेवले. बापाच्या हातात एक, माझ्या हातात एक. म्हणाली, “आजी, तुम्ही ते केलं कसं? एकदा करून दाखवा ना.”

“आता?”

“आत्ताच. मी विचारते. आजी, माझ्या आईच्या हातचा चहा कसा झालाय?”

मी घोट घेतला. हात थांबवला. दारातल्या शेवग्याकडं बघितलं. एक श्वास.

“हं…”

आणि तिच्या बापानं तोंडाशी नेलेला कप खाली घेतला! वास घेतला. आत बघितलं. पूजाची आई स्वैपाकघरातून धावत — “अगं बाई, दूध नासलं का काय!” तिनं कप हिसकावून चाखला. परत चाखला. “चांगला तर हाय!”

पूजा मटकन खालीच बसली हसत. “आबा! तुम्ही अर्धा कप प्यायला होता ना? चांगलाच होता ना आधी?”

बाप कपाकडं बघतो, माझ्याकडं बघतो, परत कपाकडं. आता हसू येतंय, पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग त्यानं तो कप परत घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मिशी पुसली. म्हणाला, “मावशी, तुमी लई वंगाळ बाई हायसा.”

म्हटलं, “हाय की! तेच सांगायला आलेय टेम्पोतून!”

पूजा म्हणाली, “नाटक कधी आहे? मी येणार. मला तो माणूस स्वतः बघायचाय. शेजारी, मध्यस्थ, फोटो, काही नको.”

येताना मच्छिंद्रचा टेम्पो रिकामा होता आणि मी गाणं म्हटलं. तो म्हणाला, पुढच्या खेपेला तुला मागं बसवतो.

२६ मार्च

लंकाबाईला एवढंच कळलंय की “पुन्हा विचार करतायत”. नवस फळला म्हणते. फळू दे. देवाला श्रेय दिलेलं बरं, तो भिंतीपल्याड राहत नाही.

३० मार्च

सृष्टीला ताप. राणीचं काम तीच करतेय, राणीच तापली तर कसं व्हायचं! सुंठ-गूळ दिला. मी म्हटलं, मीच राणी करते. म्हणाली, “मग राजाच मरेल.”

२ एप्रिल, गुरुवार, यात्रा

झालं नाटक! कुठून सुरू करू?

पूजा दुपारी चारलाच आली. आईबापाला देवळात बसवून एकटी डेअरीवर गेली आणि तासभर रंगनाथशी बोलली. एका म्हशीचं फॅट तिनं स्वतः काढून बघितलं म्हणे. काय बोलली, काय माहीत. रंगनाथला विचारलं तर म्हणतो, “मशीन बरोबर म्हनत हुतं.” एवढंच!

तिच्याबरोबर तिची राहुरीची मावशी आणि मावशीचा मुलगा अमृत. नगरजवळ नागापूरला कंपनीत आहे. नाटक सुरू व्हायच्या वेळेला माईक असा किंचाळायला लागला की कुत्री पळाली. हा अमृत उठला, कुणाला न विचारता तारा चाचपल्या, कसलं तरी बटण फिरवलं, गप्प! सृष्टी राणीच्या शालूत पडद्यातून डोकं काढून म्हणाली, “कोण आहेस तू?” तो म्हणाला, “माईकवाला.” खोटारडा. पण मला आवडला.

आणि आमचा भुजंगराव! काय सांगू. “हं…” म्हटला तेव्हा बायका शिव्या द्यायला लागल्या. वळणावरच्या वस्तीची एक म्हातारी उभी राहून हात नाचवत, “मुडद्या, तुजं वाटोळं हुईल!” एक चप्पल स्टेजवर आली. रंगनाथनं ती उचलून नीट बाजूला ठेवली आणि परत पापी झाला. मागून एक बाप्या ओरडला, “असल्याला पोरगी कोन देईल रं!”

पुढून पूजाचा बाप ताडकन उठला. “आमी!”

सगळं शेड त्याच्याकडं. मग पूजाकडं. मग स्टेजवर भुजंगरावाकडं — त्याचं पुढचं वाक्यच गेलं! पूजानं ओढणीत तोंड लपवलं, खांदे हलत होते. लंकाबाई माझा दंड इतका आवळून बसली होती की अजून वळ आहेत.

मग शेवट आला. राणी गेली. तो शालू मीच इस्त्री केलेला, आतली पोरगी माझीच, सगळं ठाऊक, तरी मी रडले. राजाला खरं कळतं तेव्हा तो राणीचा हात धरून बसतो, आणि तो हात हलत नाही. मला वाटलं, त्या राजाच्या गावात एकसुद्धा बाई नव्हती का, वेळेत टेम्पोत चढणारी?

३ एप्रिल

पोरं रंगनाथला भुजंगराव म्हणतायत. तो “ओ” देतो! म्हटलं, अजिनाथ भाऊजींसारखं चिकटेल रे. म्हणाला, “चिकटू द्या. पूजानं नंबर त्याच नावानं घेतलाय.”

अजिनाथ भाऊजींच्या घरी ताक पाठवलं आज. त्यांच्या सुनेला कळेना कशाचं. पंचावन्न वर्षं उशीर झालेलं ताक, काय सांगायचं!

५ एप्रिल, रविवार

सुपारी फुटली! लग्न मे महिन्यात. लंकाबाईनं पहिलं कुंकू मला लावलं. म्हणाली, “आक्का, तुमच्यामुळं झालं हे सगळं.” मी तिच्या तोंडाकडं बघितलं. काहीच दिसेना. रंगनाथकडं बघितलं, तो पेढे मोजत होता. शपथेवर सांगतो, म्हणाला मागाहून, आईला एक अक्षर बोललो नाही.

मग बरं. झाकलं गेलं. बनुबाई सुटली!

८ एप्रिल, बुधवार

सृष्टीनं आज अमृतचं नाव तीनदा काढलं. एकदा माईकवरून, एकदा पावसाळ्यात शेडाला कसली ताडपत्री घालावी त्यावरून, आणि एकदा कशावरूनच नाही. मी विचारलं, “कसा आहे गं तो?” म्हणाली, “हं.” आणि लाजली. म्हटलं, हे ‘हं’ मला येत नाही हो, हे तुझंच.

नगरला शिकली, स्टेजवर मेली, गावासमोर कधी घाबरली नाही. आज मोबाईल वाजला की उडते. मला म्हणाली, “आजी, हे व्हावं असं वाटतंय मला. तू मात्र गप्प बस.” बसते की! शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, तिच्या आवडीची. मी किती खूश आहे ते लिहायला ह्या वहीत जागा नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

अमृतच्या आईचा फोन. सृष्टीसाठी! येतायत. म्हणाल्या, “आधी शेजारी जरा टेकू, चहा तिथंच घिऊ, मग तुमच्याकडं. रीत हाय ना.”

मी धावत भिंतीपाशी. लंकाबाई गहू निवडत होती. म्हटलं, “लंके, पाव्हणं तुज्याकडं येतील. सृष्टीचं इचारतील. नीट सांगशील ना गं?”

तिचा हात थांबला. कडुलिंबाकडं बघितलं. एक श्वास घेतला.

“हं…”

मग म्हणाली, “चहा घेता का, आक्का?”

रविवारी येतो म्हणालेत. बारा तारखेला, सकाळी दहाला.